बोटॉक्सवर बंदी मागणाऱ्यांनी आधी आमच्या घरातली मूठ बघावी

अंत्रुजकर
काल इथे कुणीतरी लिहिलं, 'बोटॉक्स म्हणजे शुद्ध विष. पैसेवाल्यांचे चोचले आहेत. गोव्यात सरसकट बंदी घाला.' खाली शंभरावर अंगठे पडले. मला रात्रभर झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या नवऱ्याला तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. पुढच्या सहा महिन्यांत उजव्या हाताची मूठ इतकी आवळली की बोटं सोडवायला दोघं लागायची. नखं तळव्यात रुतून जखमा व्हायच्या, आत घाम साचून कुबट वास यायचा. रोज आंघोळीनंतर मी कापडाची वळकटी त्या मुठीत सरकवायची आणि ते दात आवळून भिंतीकडे बघत राहायचे. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

न्यूरोलॉजिस्टनी कोपराखालच्या स्नायूंत बोटुलिनम टॉक्सिन, म्हणजे हेच बोटॉक्स, दिलं. आवळलेला स्नायू त्याने सैल पडतो. चार-पाच दिवस काहीच नाही. दोन आठवड्यांनी मी एकटीने, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, त्यांची पाचही नखं कापली. हात कामाला लागला नाही, तो लागणारही नाही. पण तो धुता येतो, सदऱ्याच्या बाहीत जातो. तीन-साडेतीन महिन्यांत मूठ पुन्हा आवळू लागते, मग पुन्हा पैसे जमवायचे. मधल्या दिवसांत फिजिओथेरपी चुकवली तर सगळं पाण्यात.

हे औषध सुरकुत्यांसाठी आलंच नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी वापरात आणलं. अमेरिकेत १९८९ साली परवानगी मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या आजारासाठी. भुवयांमधल्या आठ्यांची परवानगी २००२ची, म्हणजे तेरा वर्षांनंतरची. तुम्ही बंदी मागता तेव्हा आमचं औषध काढून घेता, हे लक्षात घ्या.

बार्देसची बाय
ताई, वाचून वाईट वाटलं. पण मी त्या अंगठे देणाऱ्यांपैकी आहे आणि अंगठा काढणार नाही.

माझ्या भाचीचं लग्न होतं. किनारपट्टीवरच्या एका व्हिलात मैत्रिणींचा घोळका जमला, तिथे बाहेरून आलेल्या एका बाईने सगळ्यांना सुया टोचल्या. डॉक्टर कोण, कुठली, कुणी विचारलं नाही. आठव्या दिवशी पोरीची उजवी पापणी उतरली, बुबुळावर अर्धी येऊन थांबली. लग्न अकरा दिवसांवर. खऱ्या डॉक्टरकडे नेली तर ते म्हणाले, यावर उतारा नाही, ओठ भरायला टोचतात ते फिलर विरघळवता येतं पण हे नाही, थेंबांनी थोडी उचलेल, बाकी वाट बघा. दीड महिना लागला. अल्बमातला एकेक फोटो डाव्या बाजूने काढलेला आहे. तिची आई अजून तो अल्बम उघडत नाही.

अंत्रुजकर
तुमच्या भाचीवर जे ओढवलं ते संतापजनकच आहे. पण ते औषधाने केलं की सुई धरणाऱ्या बाईने? भुवईजवळ थोडं खाली टोचलं गेलं तर औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचतं. ज्याला चेहऱ्याची रचना माहीत आहे तो ती जागा टाळतो. त्या बाईवर तक्रार केलीत का?

बार्देसची बाय
लग्नाच्या तोंडावर पोलीस चौकी चढायची होती का? बोलणं सोपं आहे.

डिचोलीचा औषधवाला
कुणी बोलत नाही ते मी बोलतो. ही कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. पावसाळ्यात आमच्याकडे करंट गेला की कधी येईल सांगता येत नाही. मी दुकानात वेगळा इन्व्हर्टर फक्त फ्रिजसाठी घेतला, इन्सुलिन आणि लसींपायी. व्हिलातल्या फ्रिजात बियर आणि इसवण मासळीच्या शेजारी पडलेल्या कुपीत काय उरलं असेल?

दुसरं, नवी कुपी हातात घेतली तर रिकामीच वाटते. तळाशी पुसटसा थर, बस. त्यात सलाइन घालायचं. किती घातलं यावर ताकद ठरते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. शिवाय बोटॉक्सचं युनिट आणि डिस्पोर्टचं, म्हणजे याच औषधाच्या दुसऱ्या ब्रँडचं, युनिट एक नव्हे. त्यामुळे सीलबंद कुपी आपल्यासमोर उघडायला लावा, लेबलचा फोटो काढा. लाजू नका.

आणि ते सलूनचे 'हेअर बोटॉक्स'चे फलक! त्यात हे औषध नसतं, केस गुळगुळीत करायचा लेप असतो. नाव मात्र बोटॉक्सचं. दर आठवड्याला कुणीतरी दुकानात ते मागायला येतं.

साखळीचा नाट्यवेडा
माझं दुःख वेगळं आहे. जत्रेच्या नाटकाला चाळीस वर्षं उभा आहे. आमच्या रंगभूमीचं सगळं भांडवल चेहरा. गेल्या वर्षी एका नटीने पुत्रशोकाचा प्रवेश केला, आवाज फाटत होता आणि कपाळ संगमरवरासारखं. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. हा कलेचा खून आहे.

अर्धशिशीवाली, पर्वरी
तुम्ही त्या नटीला विचारलंत का की तिने ते कशासाठी घेतलं?

माझं कपाळही हलत नाही. महिन्यातले अठरा-वीस दिवस अंधाऱ्या खोलीत ओल्या फडक्याखाली जायचे. अर्धशिशी असलेल्याचं महिन्याला पंधरा किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल तर ती जुनाट अर्धशिशी, आणि तिच्यासाठी अमेरिकेत २०१० पासून याला मान्यता आहे. कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान, खांदे मिळून ३१ जागी १५५ युनिटं, दर बारा आठवड्यांनी. दुखणं पूर्ण गेलं नाही, सहा-सात दिवसांवर आलं. ऑफिसात मात्र सगळ्या म्हणतात, 'काय गो, चेहऱ्याला काम केलंस?' मी सांगत बसत नाही. तुमच्या पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांसाठी मी डोकं फोडून घेऊ?

साखळीचा नाट्यवेडा
तसं असेल तर मी शब्द मागे घेतो. तिच्यापुरता. बाकी सुरकुतीसाठी घेणाऱ्यांबद्दल माझं मत तेच.

सासष्टीकर
बोटुलिनम हा शब्द लॅटिनमधल्या सॉसेजवरून आला. दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने सॉसेज खाऊन मेलेल्यांच्या नोंदी ठेवल्या. ते मेले याच विषाने, एक जंतू ते अन्नात तयार करतो. म्हणजे खरा धोका इंजेक्शनात नाही, आपल्या चोरीस-पावात, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजात आहे. त्यावर कोण बोलणार?

बार्देसची बाय
आमच्या चोरिसांना हात लावू नका! मिरची, लसूण, मीठ, माडाचं व्हिनेगर, त्यावर ऊन किंवा धूर. पिढ्यान् पिढ्या खातोय.

डिचोलीचा औषधवाला
बाय बरोबर सांगते. आंबटपणा पुरेसा असला की हा जंतू वाढत नाही, मीठ आणि सुकवणंही मदत करतं. शिवाय आपण चोरीस कच्चे खात नाही, आणि चांगलं उकळलं की तयार झालेलं विष नष्ट होतं. त्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक बीजं, मात्र साध्या उकळण्याने मरत नाहीत. धोका आहे तो हवाबंद आणि आंबट नसलेल्या बाटल्यांत. पावसात कुणी अळमी (रानातले मश्रूम) तेलात बुडवून, झाकण घट्ट लावून फ्रिजबाहेर ठेवत असेल तर ते फेका.

आता चाललंच आहे तर सांगतो, वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. मधात ते बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत, तान्ह्याच्या रुजतात आणि तिथेच विष तयार होतं. आधी बद्धकोष्ठ, मग रडण्याचा आवाज बारीक, मग मान धरत नाही.

पेडण्याची आजी
हे अति झालं. सोन्याच्या अंगठीने मध चाटवणं हा संस्कार आहे. मी पाच मुलांना आणि नऊ नातवंडांना चाटवला, सगळी धडधाकट आहेत. दोन पुस्तकं वाचली की आजी वेडी ठरते काय?

डिचोलीचा औषधवाला
आजी, तुम्हाला वेडी कोण म्हणेल? हे क्वचितच होतं, म्हणून तुमची चौदाही बरी राहिली. पण ज्या एकाला होतं ते श्वासाच्या यंत्रावर जातं. एका थेंबासाठी कशाला?

पेडण्याची आजी
थेंबासाठी नव्हे, रीतीसाठी. तुम्हाला कळायचं नाही.

नवी आई, मडगाव
रविवारी आमच्याकडे बारसं आहे. सासूबाईंनी मध मागवून ठेवलाय, शेतातला, खात्रीचा. खात्रीचा असला तरी नको ना?

डिचोलीचा औषधवाला
शुद्ध असला तरी नको. शुद्धतेचा संबंधच नाही. अंगठी नुसतीच ओठांना लावा.

अंत्रुजकर
मी मुठीबद्दल लिहिलं होतं आणि बोलणं मधावर गेलं. जाऊ दे, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. बंदी आली तर ती मूठ कोण उघडणार?

बार्देसची बाय
बंदी शब्द सोडते, ताईंसाठी. पण व्हिलात आणि पार्लरात कुणी सुई हातात घेतली तर आत टाका, यावर मी हटणार नाही. आणि तुम्ही नुसत्या सुरकुत्यांवर एक ओळ तरी लिहा. बावीस वर्षांच्या पोरीला कुठल्या आठ्या होत्या?

अंत्रुजकर
बावीसच्या पोरीला गरज नव्हती, हे मान्य. पण पन्नाशीची बाई स्वतःच्या पैशाने, डॉक्टरकडे जाऊन घेत असेल तर मी तिला अडवणार नाही. माझी नणंद घेते. आधी मला राग यायचा की माझ्याकडे नवऱ्याच्या हातासाठी पैसे नाहीत आणि हिला कपाळासाठी आहेत. मागच्या खेपेचे अर्धे पैसे तिनेच दिले.

बार्देसची बाय
माझ्या मामाचा डावा हात दोन वर्षं असाच छातीशी वळलेला आहे. आम्हाला कुणी असं काही असतं म्हणून सांगितलंच नाही. इतक्या उशिरा उपयोग होतो का?

अंत्रुजकर
सांधा पूर्ण आखडला नसेल तर होऊ शकतो, पण हात बघितल्याशिवाय कुणी सांगू नये. न्यूरोलॉजीच्या ओपीडीत न्या, झटका आला तेव्हाचे सगळे कागद आणि चालू गोळ्यांची यादी बरोबर घ्या. खाण्या-गिळण्याचा त्रास असेल तर तो आधी सांगा. आणि जाण्याआधी दोन दिवस रोज कोमट पाण्यात हात शेकून बोटं किती उघडतात ते मोबाइलवर काढून ठेवा. तिथे घाईत धड दाखवता येत नाही.