मदत हवी आहे: गुडघे दुखत असतील तर किलिमांजारोला (आफ्रिकेतलं सर्वात उंच शिखर) माचामे वाटेनं जावं की रोंगाईच्या?
फेब्रुवारीत चौघं जातोय. डोंगरावर सातच दिवस, आठवा जमणार नाही. एकाचे गुडघे उतारावर दुखतात, चढाला तक्रार नाही. काठ्या, नी-कॅप आहेत. डायमॉक्सबद्दल (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांशी बोललोय. सरावाला कळसूबाई दोनदा झालं, पण १६४६ मीटरवर विरळ हवेचं काय कळणार!

माचामेला लाव्हा टॉवरवर सुमारे ४६०० मीटर गाठून झोपायला बारांको कॅम्पला ३९०० वर उतरतो, त्यामुळे हवा चांगली मानवते. पण शिखरावरून म्वेका कॅम्पपर्यंत एकाच दिवसात जवळपास २८०० मीटर खडा उतार. रोंगाईने चढलं तर उतरायचं मारांगूच्या सौम्य वाटेनं, शिखरावरून होरोम्बो कॅम्पपर्यंत साधारण २२०० मीटर.

रोंगाईला मावेन्झी टार्न कॅम्पवर (४३०० मीटर) एक जादा रात्र काढली तर हवा मानवायला पुरते का? आणि त्या वाटेवर गिलमन्स पॉइंटखालची (शिखराजवळची विवराची कड) घसरडी खडी गुडघ्यांना कितपत त्रास देते?