‘थोडाच’, ‘कुठे’, ‘कशाला’ : उत्तर नको असलेले प्रश्न

प्रश्न : एका दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन करतेय. कथेतली आजी नातवाबद्दल म्हणते, "तो थोडाच येणार आहे". लेखकाने पुढे प्रश्नचिन्ह दिलं होतं, संपादकांनी ते खोडून उद्गारचिन्ह केलं. चार ओळींनंतर तीच आजी "ती थोडीच ऐकणार आहे" म्हणते, तिथे मात्र प्रश्नचिन्ह तसंच आहे. काय ठेवावं? आणि थोडाच-थोडीच-थोडंच असं चालवायचं, की सगळीकडे ‘थोडीच’?

प्रतिसाद : चालवायचंच. तो थोडाच येणार, ती थोडीच येणार, ते थोडेच येणार. हल्ली पुरुषही सर्रास "मी थोडीच जाणार आहे" म्हणतात, त्यावर हिंदीची छाया आहे. बोलताना कोण अडवतंय, पण छापताना सोडू नये.

चिन्हाबाबत मी संपादकांच्या बाजूने. या अर्थाच्या ‘थोडाच’ने खरा प्रश्न विचारताच येत नाही, मग प्रश्नचिन्ह कशाला? ‘कोण’, ‘कुठे’, ‘कशाला’, ‘काय’ यांची गोष्ट वेगळी. "तो कुठे गेला होता?" यात जोर ‘कुठे’वर दिला तर ठिकाण विचारलं. जोर ‘गेला’वर दिला तर तो गेलाच नव्हता, असं सांगितलं. शब्द तेच, क्रम तोच. आवाजाच्या या वळणाला संस्कृत काव्यशास्त्रात ‘काकु’ म्हणतात. नवव्या शतकातल्या रुद्रटाने वक्रोक्तीचे श्लेषवक्रोक्ती आणि काकुवक्रोक्ती असे दोन प्रकार सांगितले, त्यातला दुसरा यावरच उभा आहे. आपली आजी काव्यशास्त्र न वाचता दिवसभर काकुवक्रोक्ती करत असते.

अर्थ लावायची रीत सोपी आहे : होकारी प्रश्न नकार सांगतो, नकारी प्रश्न होकार. "पैसे काय झाडाला लागतात?" म्हणजे लागत नाहीत. "मी बजावलं नव्हतं?" म्हणजे बजावलं होतं. म्हणींतही हेच : हातच्या कांकणाला आरसा कशाला? गाढवाला गुळाची चव काय? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? १८९७ साली टिळकांनी ‘केसरी’त "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" असा मथळा दिला, तेव्हा सरकारने उत्तर पाठवावं अशी अपेक्षा थोडीच होती! तरीही तिथे प्रश्नचिन्हच हवं. उद्गारचिन्ह घातलं तर बोचरेपणा गेला.

प्रतिसाद : ‘काय’ फार फसवा. आमच्या सहलीच्या ग्रुपवर एकाने दुसऱ्याला लिहिलं, "तू काय आणणार आहेस?" त्याला यादी करायची होती, पुरी की बटाटाभाजी एवढंच. समोरच्याने वाचलं, ‘तू कसला आणतोयस!’ दोन दिवस अबोला. समोरासमोर असते तर पहिल्या शब्दालाच कळलं असतं.

प्रतिसाद : आमच्या कोल्हापूरकडं ही पंचाईत कमी होते, शेवटाला ‘व्हय’ लावलं की झालं. "असं कुठं असतंय व्हय?" "पैसं काय झाडाला लागत्यात व्हय?" हे ऐकून कुणी उत्तर शोधत बसत नाही. प्रमाण मराठीत "हेच शिकवलं होय तुला?" असं येतं, पण ते जरा शाळामास्तरी वाटतं. विदर्भातले मित्र ‘कशाला’च्या जागी ‘कायले’ म्हणतात. "मी कायले जाऊ?" म्हटल्यावर तो गडी जात नाही, एवढं नक्की.

प्रतिसाद : होकाराचा नकार आणि नकाराचा होकार ही रीत ‘हो-नाही’च्या प्रश्नांना ठीक. ‘कोण’लाही लागू पडते : "तो कोण टिकोजीराव लागून गेला?" म्हणजे कोणीच नाही, "पगारवाढ कोणाला नको?" म्हणजे सगळ्यांना हवी. पण "घर आहे की धर्मशाळा?" याला ती कशी लावणार? तिथे दोनातलं एक निवडायला सांगितलेलंच नाही. आणि ‘किती’चं तर सगळंच निराळं. "किती वेळा सांगायचं?" याचा अर्थ ‘एकदाही नाही’ असा होत नाही, फार वेळा सांगून झालं असा होतो. ‘किती’ नकाराकडे न जाता अतिरेकाकडे जातो. रात्री उशिरा दारात उभं राहून आई विचारते, "किती वाजले?" घड्याळ तिच्या मागच्या भिंतीवरच असतं. मुलाने "साडेअकरा" म्हटलं, तर उत्तर बिनचूक, आणि आपल्याकडे त्यालाच ‘उलट उत्तर’ म्हणतात.

म्हणून ‘थोडाच’ला उद्गारचिन्ह मान्य, ‘कुठे’-‘कशाला’ला प्रश्नचिन्ह मान्य, पण ‘किती’ आला की मी लेखकाने जे दिलं असेल त्याला हात लावत नाही. "किती बोलतेस!" आणि "किती बोलतेस?" यांतली दुसरी जास्त वैतागलेली आहे.