हिशेबाचं टेबल सोडून ग्राफिक डिझाइन: पदवी घेऊ की स्वतःच शिकू?

कोरापान:
वय 24. वाणिज्य शाखेची पदवी, दोन वर्षं अकाउंट्समध्ये. मित्रांची पोस्टरं कॅनव्हावर करता करता नाद लागला, आता रात्री इलस्ट्रेटर शिकतोय. पेन टूल बऱ्यापैकी हातात बसलंय. घरचे म्हणतात, करायचंच तर रीतसर चार वर्षांची पदवी घे. मित्र म्हणतो, यूट्यूबवर सगळं फुकट आहे. पदवी नसेल तर कोणी दारात तरी उभं करतं का?

शिरोरेखा:
मी पदवीवाली नाही. एक वर्षाचा डिप्लोमा, तीन वर्षं छापखान्यात प्रीप्रेस (छपाईआधी फाइली तपासून तयार करणं), त्यानंतर अकरा वर्षं पुस्तकं आणि पॅकेजिंग. मुलाखत घेताना मी आधी पोर्टफोलिओ उघडते. शिक्षणाची ओळ पुष्कळदा वाचायचीच राहते. पुढेमागे शिकवायचं असेल किंवा परदेशात नोकरी हवी असेल तर मात्र पदवी लागू शकते, तेवढं धरून चाला.

कॉलेजात सॉफ्टवेअरपेक्षा मोलाचं मिळतं ते क्रिट. काम भिंतीवर लावायचं आणि वर्गाने ते सोलून काढायचं. "हा फॉन्ट का?" याला "छान दिसतो" हे उत्तर चालत नाही. यूट्यूब तुमचं काम बघत नाही, तिथेच घोडं अडतं. स्वतः शिकणार असाल तर दर आठवड्याला तुमचं काम निर्दयपणे बघणारं एक माणूस गाठा. आई नको, मित्र तर नकोच.

आणि जमलं तर सहा महिने तरी छपाईच्या जवळ काढा. मी एका कॅटलॉगमध्ये गडद निळ्या पट्टीवर पांढरे पानक्रमांक टाकले होते. पट्टीवरचे काळे आकडे पांढरे केले, पण त्यांचं ओव्हरप्रिंट बंद करायचं राहिलं. स्क्रीनवर सगळं झकास. छापून आल्यावर एकाही पानावर क्रमांक नाही! ओव्हरप्रिंट म्हणजे खालचा रंग न कापता त्यावर छापणं, आणि पांढऱ्याला शाईच नसते, मग उमटणार काय? त्या दिवसापासून ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू बघितल्याशिवाय माझी फाइल बाहेर जात नाही. 3 मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग), सीएमवायके (छपाईच्या चार शाया) वगैरे कुठल्याही पुस्तकात सापडेल. हे असलं अंगावर आल्याशिवाय मुरत नाही.

अर्धीवेलांटी:
मराठीत काम करणार असाल तर भर घालतो. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) लावला नाही तर जोडाक्षरं सुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या सवयीने ठेवू नका, वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात.

कोरापान:
पोर्टफोलिओत टाकायला खरं काम कुठून आणू? आत्ता चार काल्पनिक लोगो आहेत, त्यातला एक कॉफीचा.

शिरोरेखा:
कॉफीचा लोगो सगळ्यांकडे असतो. 😄 अहो, तुम्ही दिवसभर आकड्यांत बसता, ते भांडवल सोडून लोगो कशाला? वार्षिक अहवाल आणि डॅशबोर्ड नीट मांडणारी माणसं कमी भेटतात, कारण बहुतेक डिझायनरांना तक्ता म्हटलं की कंटाळा येतो. ऑफिसातलं सर्वात किचकट पत्रक घ्या. चौकटीच्या निम्म्या रेषा काढा. आकडे उजवीकडे जुळवा, अंक टॅब्युलर ठेवा, म्हणजे 1 आणि 8 सारखीच जागा घेतील आणि एकम दशक एकाखाली एक येतील. बेरीज बघताक्षणी सापडली पाहिजे. मूळ पत्रक, कागदावरचे कच्चे आराखडे आणि शेवटचं रूप, तिन्ही ठेवा. अशी सहा कामं पुरतात, वीस कोणी बघत नाही.

नोकरी मात्र इतक्यात सोडू नका.

कोरापान:
आमचं येणी-बाकीचं पत्रक आहे, 14 रकाने, आठ पॉइंटचा टाइप. आज रात्री तेच घेतो.

शिरोरेखा:
घ्या. ग्राहकांची नावं आणि रकमा तेवढ्या बदला, आणि झालं की इथेच टाका. सोलायला मी आहे.