मदत हवी आहे: पार्किंग लाइट (चारही इंडिकेटर) लावून थांबलेल्या गाडीशेजारून जायचा नियम कुठला?

स्टाफ बसच्या ड्रायव्हरांसाठी एक पानी सूचना लिहितेय. रूट सायन-पनवेल हायवे आणि ईस्टर्न एक्स्प्रेस, फेऱ्या पहाटेच्या.

मोटार वाहन कायदा पाहिला. कलम १९४-ई: येणाऱ्या ॲम्ब्युलन्स किंवा फायर ब्रिगेडला वाट दिली नाही तर १०,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण ते चालत्या गाडीबद्दल. कलम १२२ धोकादायक जागी गाडी सोडणाऱ्याला धरतं, शेजारून जाणाऱ्याला नाही. कलम १८४ (धोकादायक ड्रायव्हिंग) लावता येईल, पण ते फारच ढोबळ. अमेरिकेत ५०ही राज्यांत उभ्या आपत्कालीन गाड्यांसाठी सरळ कायदा आहे: लगतची लेन सोडा, जमत नसेल तर वेग उतरवा.

ताशी ८० ला बस सेकंदाला २२ मीटर जाते. त्यात पावसात चालत्या गाडीलाही पार्किंग लाइट लावायची आपली सवय, त्यामुळे पुढची गाडी उभी आहे हे जवळ गेल्यावरच कळतं. मग ऐनवेळी लेन कापली की मागचा डंपर अंगावर.

‘सावकाश जा’ लिहून झालंय, सल्ला नकोय. उभ्या टो व्हॅन किंवा बंद गाडीशेजारून जाताना लेन सोडणं बंधनकारक करणारं कलम, नियम वा महाराष्ट्राची अधिसूचना आहे का? असल्यास क्रमांक काय?