मदत हवी आहे: गिरण्यांच्या कापडाची जुनी दुकानं आणि डिझाइन्स

नमस्कार मंडळी,

फोर्ट, काळबादेवी, दादर या भागांत मुंबईच्या गिरण्यांचं कापड विकणारी जी दुकानं होती आणि आता नाहीत, त्यांची माहिती जमवतेय. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप, त्यानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्या, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. लिहायलाच हवं होतं. पण त्या कापडावरची फुलं-वेली कागदावर कुणी काढली, यावर फारसं कुणी बोलत नाही, आणि मला नेमकं तेच हवंय.

आईच्या ट्रंकेत खटाव मिलच्या वॉयलची, म्हणजे तलम सुती कापडाची, साडी आहे. पांढऱ्यावर बारीक जांभळी फुलं, आणि एका ठिकाणी रंग रेषेबाहेर जरासा सरकलाय. रोलर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा तांब्याचा रोलर असायचा. तो केसभर जरी हलला तरी असं व्हायचं. मला ती जागा सगळ्यात जास्त आवडते.

तुमच्या घरातलं कुणी गिरणीच्या डिझाइन खात्यात किंवा अशा दुकानात होतं का? नमुन्यांची पुस्तकं, जुनी बिलं, ठाणांवर चिकटवायचे ते देवादिकांच्या चित्रांचे रंगीत छाप, काहीही चालेल. वस्तू नकोत, फोटो पुरेत. दुकान नक्की कुठल्या गल्लीत होतं तेवढं मात्र आठवून लिहा.

आणि हो, साडी घडीवर विरायला लागलीय. सुती वॉयल जपायचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा, गुंडाळून ठेवू की कसं?