मदत हवी आहे: ‘त्रयस्थाचे हक्क’ एवढे कारण देऊन डेटाचा परवाना नाकारता येतो का?

युरोपीय संघातील एका सार्वजनिक संस्थेने तिच्या नकाशा-डेटाच्या पुनर्वापराचा परवाना ‘त्रयस्थाचे हक्क गुंतलेले आहेत’ एवढेच कळवून नाकारला आहे. तो त्रयस्थ कोण आणि हक्क संपूर्ण डेटावर आहे की काही थरांवरच (रस्ते, इमारती असे नकाशातील माहितीचे वेगवेगळे भाग), याचा पत्रात उल्लेख नाही. खुल्या डेटाविषयीच्या युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार (directive) अशा नकारात हक्कधारक ज्ञात असल्यास त्याचे नाव द्यावे लागते (ग्रंथालये, संग्रहालये आणि अभिलेखागारे यांना यातून सूट आहे, पण ही संस्था त्यांपैकी नाही), शिवाय संस्थेला स्वतःचा डेटाबेस-हक्क (डेटासंच तयार करणाऱ्याला त्यावर मिळणारा कायदेशीर हक्क) पुढे करून पुनर्वापर अडवता येत नाही. वैयक्तिक माहितीचे किंवा सुरक्षेचे कारण असते, तर मी वाद घातला नसता. वादग्रस्त थर वगळून उरलेल्या डेटाचा परवाना कोणी मागितला आहे का, आणि त्या अर्जाची मांडणी कशी करावी?