जमिनीवरची झटापटही बघा
एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारा मिश्र मार्शल आर्ट्सचा खेळ) म्हणजे नुसती रक्तबंबाळ मारामारी, असं काही जण म्हणतात. १९९३ च्या पहिल्या यूएफसी या स्पर्धेबद्दल ते पटलं असतं. तेव्हा वजनी गटसुद्धा नव्हते. आता पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या असतात, डोक्याच्या मागच्या बाजूला मारायला बंदी आहे आणि पंच मध्ये पडून लढत थांबवू शकतो.

मला खरी गोडी वाटते ती जमिनीवरच्या झटापटीत. खाली दबलेला खेळाडू पायांनी प्रतिस्पर्ध्याची कंबर जखडतो, त्याचा हात जरा पुढे यायची वाट बघतो आणि क्षणात आर्मबार, म्हणजे कोपर उलटं ताणणारा डाव, लावतो! नेमकं तेव्हाच प्रेक्षक हुर्यो उडवतात, याचं फार वाईट वाटतं.

डोक्याला बसणाऱ्या माराची काळजी मात्र रास्त आहे. शुद्ध हरपलेल्यावर पडणारे जादा ठोसे मलाही बघवत नाहीत. तिथे पंचांनी आणखी लवकर हस्तक्षेप करायला हवा.